कंसातला आकडा खरा असू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आयटीतल्या नोकऱ्यांवर पानभर लेख आला होता, आमच्या घरी तो तिघांनी वाचला आणि तिघांचं त्यावर बोलणंही झालं. एआय आता कोड लिहिणार, मग आमच्या पोरांचं काय होणार, असा साधारण सूर होता. लेख चांगलाच होता पण त्यात एक गोष्ट कुठेच नव्हती, ती म्हणजे आधीच लिहून ठेवलेला कोड. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेला, आज पाण्याच्या पंपात, विजेच्या मीटरमध्ये, लिफ्टच्या पॅनलमध्ये रात्रंदिवस चालणारा सी भाषेतला कोड. ऐरोलीपासून महापे-तुर्भेपर्यंत टीटीसीच्या (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात असा कोड सांभाळणारी माणसं भरपूर आहेत आणि त्यांच्याबद्दल पेपरात कधी काही येत नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, माफ करा, पण अर्धवट सांगून यातलं काही कळणार नाही.

मी स्वतः सव्वीस वर्षं हेच काम करते. राहायला नौपाड्यात, ऑफिस रबाळे एमआयडीसीत, रोजची ठाणे-वाशी लोकल. आमची कंपनी पंपिंग स्टेशनचे कंट्रोलर बनवते, म्हणजे टाकीत पाणी किती, प्रेशर किती, मोटर कधी चालू झाली कधी बंद झाली याच्या नोंदी ठेवणारा डबा, आणि त्या नोंदी पुढे पाठवणारा दुसरा एक डबा ज्याला आम्ही गेटवे म्हणतो आणि ज्यावर लिनक्स चालतं. सगळा कोड सीमध्ये. पहिल्या ओळी १९९८ च्या आहेत, आणि त्या लिहिणारे साहेब आता रिटायर होऊन डोंबिवलीला असतात.

आता मुद्दा. सीमध्ये अ‍ॅरे म्हणजे एकाला एक लागून असलेले सारख्या मापाचे कप्पे, आणि किती कप्पे ते चौकोनी कंसात लिहायचं. नाव[१६] म्हणजे सोळा कप्पे. पण कधीकधी माल किती येणार ते आधी माहीतच नसतं. कुरिअरचं पाकीट डोळ्यासमोर आणा, वर लिहिलंय कशा प्रकारचा माल, मग लिहिलंय किती, आणि मग प्रत्यक्ष माल, जो कधी दहा बाइट तर कधी दोनशे. जुन्या सीमध्ये म्हणजे १९८९ च्या स्टँडर्डमध्ये हे लिहायची सरळ सोयच नव्हती, कंसात काहीतरी आकडा द्यावाच लागायचा आणि तो शून्य चालायचा नाही. मग लोकांनी युक्ती काढली, स्ट्रक्चरच्या (म्हणजे वेगवेगळ्या भागांचा एक गठ्ठा, त्यातला प्रत्येक भाग म्हणजे मेंबर) शेवटी डेटा[१] लिहायचं आणि मेमरी मागताना मात्र हवी तेवढी जास्त मागायची. लिहिलंय एक, वापरतोय दोनशे. जीसीसी नावाच्या कंपायलरवाल्यांनी (कंपायलर म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) स्वतःची सवलत दिली की डेटा[०] लिहिलं तरी चालेल, मग बऱ्याच ठिकाणी तसं सुरू झालं. शेवटी १९९९ च्या स्टँडर्डने रीतसर सोय केली, कंस रिकामा ठेवा, डेटा[], म्हणजे वाचणाऱ्याला आणि कंपायलरला दोघांनाही स्पष्ट कळतं की इथली लांबी नंतर ठरणार आहे. अट एवढीच की असा अ‍ॅरे स्ट्रक्चरमध्ये सगळ्यात शेवटी पाहिजे आणि त्याच्या आधी निदान एक तरी दुसरा मेंबर पाहिजे.

सोय १९९९ ला झाली पण जुन्या सवयी सुटल्या नाहीत. आमच्या कोडमध्ये एका फाइलवर साहेबांनी इंग्रजी अक्षरांत मराठी कॉमेंट लिहून ठेवलीय, "हा १ खरा नाही, मॅलॉक बघ." मॅलॉक म्हणजे मेमरी मागणारं फंक्शन. मी नवीन लागले तेव्हा ही ओळ वाचून थांबले होते, नीट समजायला मला आठवडा लागला. त्या माणसाने निदान लिहून तरी ठेवलं. बाकी शेकडो ठिकाणी कॉमेंट नाही, नुसता खोटा एक.

तुम्ही म्हणाल, असू दे की खोटा, चालतंय ना. इथेच खरी अडचण आहे आणि ती बऱ्याच अनुभवी लोकांनाही माहीत नसते. ठाण्याला फास्ट लोकलच्या प्लॅटफॉर्मवर इंडिकेटरवर १२ डबा किंवा १५ डबा लिहिलेलं असतं, आपण तो आकडा बघूनच कुठे उभं राहायचं ते ठरवतो. समजा रोज १२ लिहून कधी १५ आली, कधी ९ आली, तर महिनाभरात कोणी इंडिकेटरकडे बघणारच नाही, ज्या दिवशी आकडा खरा असेल त्या दिवशीही नाही. कंपायलरचं नेमकं हेच झालं. स्ट्रक्चरच्या शेवटी एक लिहून दोनशे वापरणारे इतके लोक होते की जीसीसीने शेवटच्या कुठल्याही अ‍ॅरेच्या आकड्यावर विश्वास ठेवणं सोडून दिलं. कुठल्याही म्हणजे कुठल्याही. ज्याने प्रामाणिकपणे शेवटी नाव[१६] लिहिलं आणि ज्याला सोळाच्या पुढे एकही बाइट नकोय, त्याचाही आकडा कंपायलर लांबी तपासताना धरत नाही, तो म्हणतो इथे किती जागा आहे मला माहीत नाही. म्हणजे बफरच्या बाहेर लिहिलं जात असताना प्रोग्रॅम थांबवणारी जी सुरक्षा आज बऱ्याच कंपायलरमध्ये मिळते, ती या जागांवर झोपलेली असते. खोटा आकडा एकाने लिहिला आणि त्याची किंमत खरा आकडा लिहिणाऱ्याने मोजली.

जीसीसी १३ आणि क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या १६ पासून यावर एक ऑप्शन आलाय, स्ट्रिक्ट-फ्लेक्स-अ‍ॅरेज. तो तीनवर ठेवला की कंपायलर फक्त रिकाम्या कंसालाच लांबी नंतर ठरणारा अ‍ॅरे मानतो, बाकी सगळे आकडे जसे लिहिलेत तसे खरे मानतो. पण तो चालू करायच्या आधी तुमच्या कोडमधले सगळे खोटे एक आणि शून्य काढायला लागतात, नाहीतर चांगला चालणारा प्रोग्रॅम कंपायलर अडवणार. आणि ते काढणं दिसतं तेवढं सोपं नाही, ते आम्ही चांगलंच भोगलंय.

दोन वर्षांपूर्वी रिलीजच्या आधीच्या शनिवारी-रविवारी, क्लायंटच्या ऑडिटमध्ये हा मुद्दा निघाला म्हणून, वरून ऑर्डर आली की सगळे [१] काढून [] करा, सोमवारी बिल्ड पाहिजे. दोन नवीन मुलं बसवली. हुशार मुलं, त्यांचा यात काहीही दोष नाही, त्यांनी सांगितलं तसं केलं, शोधा आणि बदला. कोड कंपाइल झाला, टेबलावर ठेवलेला कंट्रोलर आठवडाभर चालला, फर्मवेअर, म्हणजे डब्यातला प्रोग्रॅम, साइटवर गेलं. आणि चौथ्या दिवशी एका साइटवरून फोन, की जुने प्रेशर रीडिंग सगळे भलतेच दिसतायत आणि मधूनच डबा रीस्टार्ट होतोय.

काय झालं होतं ते सांगते, कारण सगळं त्या दोन बाइटमध्ये आहे. आमच्या नोंदीचं स्ट्रक्चर असं होतं, दोन बाइट प्रकार, दोन बाइट लांबी, मग डेटा[१]. बेरीज पाच, पण दोन-दोन बाइटचे आकडे सम पत्त्यावर बसावेत म्हणून कंपायलर शेवटी एक बाइट मोकळा सोडतो, म्हणून साइझऑफ, म्हणजे किती बाइटचं माप, विचारलं की उत्तर येतं सहा. नोंदीसाठी मेमरी मागताना आणि पुढची नोंद कुठे सुरू होते ते काढताना साहेबांचं गणित होतं साइझऑफ अधिक लांबी वजा एक, म्हणजे लांबी अधिक पाच. तो वजा एक कशासाठी, तर डेटामधला तो खोटा एक परत काढायला. आता कंस रिकामा केला की साइझऑफ होतो चार. पण वजा एक तसाच राहिला, कारण तो वेगळ्या फाइलमध्ये होता आणि शोधा-बदला मध्ये तो सापडणं शक्यच नव्हतं. नवीन उत्तर लांबी अधिक तीन. हवे होते निदान लांबी अधिक चार. एक बाइट कमी!

म्हणजे प्रत्येक नवीन नोंदीचा शेवटचा बाइट दुसऱ्याच्या जागेत लिहिला जात होता. टेबलावर का नाही दिसलं, तर मेमरी देणारा अ‍ॅलोकेटर मागितलेला आकार आठच्या पटीत वर नेऊन देतो, त्यामुळे बहुतेक वेळा तो एक बाइट शिलकीत खपून जायचा, फक्त काही ठराविक लांबीच्या नोंदी आल्या की शेजारच्या मेमरीवर घाव बसायचा आणि डबा रीस्टार्ट. टेस्टिंगच्या नोंदी त्या लांबीच्या नव्हत्या एवढंच.

आणि जुन्या नोंदी? त्या फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, जुन्या मापाने लिहिलेल्या, नवीन फर्मवेअर त्या दोन बाइट आधी शोधतंय. पहिली नोंद बरोबर वाचली. दुसरीसाठी जिथे गेलो तिथे पहिल्या नोंदीचा शेवटचा बाइट आणि तो मोकळा सोडलेला बाइट होता, तो प्रकार म्हणून वाचला, आणि त्याच्यापुढे जी लांबी समजून वाचली तो खरं तर दुसऱ्या नोंदीचा प्रकार होता. तिथून पुढे सगळी फाइल वाकडी. आमचा सर्व्हिस इंजिनिअर रात्रीची गाडी पकडून गेला, पहाटे जुनं फर्मवेअर परत टाकलं. त्या मुलांपैकी एकजण माझ्याकडे येऊन म्हणाला, मॅडम, मी तर फक्त एक आकडा पुसला हो. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. त्या वेळी मीटिंगमध्ये ठरलं काय, तर आता या कोडला कोणी हात लावायचा नाही. हे मला अजिबात पटलं नाही आणि आजही पटत नाही, काम चुकीच्या पद्धतीने केलं म्हणून काम चुकीचं ठरत नाही.

हेच काम नीट कसं होतं त्याचं उदाहरण सगळ्यांच्या समोर आहे. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तीन कोटींपेक्षा जास्त ओळी, तुमच्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये. तिथे आधी २०१८ मध्ये, फंक्शनच्या आत चालता चालता लांबी ठरणारे अ‍ॅरे असतात ते सगळे काढले, कारण कर्नलचा स्टॅक (फंक्शनची तात्पुरती जागा) छोटा आणि त्यावर किती जागा जाईल याचा भरवसा नाही, वर्षाअखेरच्या ४.२० पर्यंत ते संपले. मग २०२० पासून गुस्तावो सिल्व्हा आणि कीस कूक आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी शेवटचे [०] आणि [१] काढायला घेतले. एका दिवसात नाही, एका पॅचमध्ये नाही. एकेक ड्रायव्हर, एकेक स्ट्रक्चर, प्रत्येक ठिकाणी तो भाग सांभाळणाऱ्या माणसाला दाखवून, त्याची हरकत ऐकून. मेमरीचं गणित हाताने करण्याऐवजी स्ट्रक्ट-साइझ नावाची एक ठरलेली सोय वापरायची, जी गुणाकार-बेरीज करताना आकडा हाताबाहेर गेला तरी सांभाळून घेते. एकाच छापाच्या जागा शोधायला कॉक्सिनेल नावाचं फ्रान्समध्ये बनलेलं टूल, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ लेडीबर्ड, किडे खाणारा किडा. आणि मगच २०२३ च्या ६.५ मध्ये तो स्ट्रिक्टचा ऑप्शन सगळ्या कर्नलसाठी तीनवर ठेवला. तीन वर्षं लागली, जगातली उत्तम माणसं असून. आणि आमच्याकडे शनिवार-रविवार.

त्या प्रकारानंतर सहा महिने मी मागे लागले होते, शेवटी आम्हाला चार महिने आणि तीन माणसं मिळाली, त्या दोन मुलांपैकी एकाला मी मुद्दाम मागून घेतलं. पहिलं काम म्हणजे यादी. आणि यादीत लगेच दिसलं की शून्यवाले आणि एकवाले वेगळे ठेवायला लागतील. [०] चा [] केला तर स्ट्रक्चरचा आकार बदलत नाही, म्हणून बदलाच्या आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे कंपायलरने बनवलेली फाइल, जुळवून बघायची, एका बाइटचाही फरक नसेल तर निर्धास्त पुढे. दिवसाला वीस-पंचवीस व्हायचे. त्यातही एक गोष्ट सापडली जी मी विसरणार नाही. पॅकेट पाठवायच्या आधी बफर शून्याने पुसणारी एक ओळ होती, आकार म्हणून तिला दिलेला साइझऑफ डेटा. डेटा[०] चा साइझऑफ शून्य. म्हणजे ती ओळ वर्षानुवर्षं शून्य बाइट पुसत होती आणि आधीच्या पॅकेटमधला उरलेला माल पुढच्या पॅकेटच्या शेपटाला लागून बाहेर जात होता. कंस रिकामा केल्याबरोबर कंपायलरने त्या ओळीवर एरर दिली, कारण लांबी न ठरलेल्या अ‍ॅरेचा साइझऑफ विचारताच येत नाही. ना टेस्टिंगमध्ये सापडलं होतं ना कोणाच्या रिव्ह्यूमध्ये.

[१] वाले मात्र एकेकाला एकेक दिवस गेला. आधी त्या स्ट्रक्चरचे सगळे साइझऑफ शोधायचे, मग सगळे वजा एक, मग हे बघायचं की हा आकार डब्याच्या बाहेर कुठे जातोय का, फ्लॅशवर, केबलवर, समोरच्या मीटरला. बाहेर जात असेल तर जुना सहा हा आकडा नाव देऊन वेगळा लिहून ठेवायचा, आणि शेजारी स्टॅटिक असर्ट, म्हणजे उद्या कोणी स्ट्रक्चरमध्ये काही घुसवलं आणि आकार हलला तर बिल्डच होणार नाही. एका ठिकाणी कळेचना की मोकळा बाइट समोरचं मीटर वाचतंय की नाही. कोडमध्ये उत्तर नाही, कागदावर नाही. शेवटी डोंबिवलीला फोन लावला. साहेब म्हणाले, "अगं तो बाइट ते लोक चेकसममध्ये धरतात, काढू नकोस, तेव्हा दोन दिवस भांडलो होतो आम्ही त्यांच्याशी." चेकसम म्हणजे माल नीट पोचला का ते तपासायचा आकडा. सव्वीस वर्षं हे फक्त एका माणसाच्या डोक्यात होतं. आता ते कोडमध्ये आहे, मराठीत नाही इंग्रजीत लिहिलंय, पण आहे.

चौथ्या महिन्यात गेटवेवर नवीन कंपायलर आणि तो ऑप्शन चालू केला आणि टेस्ट बेंचवर प्रोग्रॅम पहिल्याच तासात जागीच थांबला, बफर ओव्हरफ्लो. साइटचं नाव ठेवायचं स्ट्रक्चर, शेवटी नाव[१६]. आणि टेस्टच्या यादीत साइट होती कोपरखैरणे सेक्टर १९. इंग्रजी अक्षरांत नुसतं कोपरखैरणे लिहायलाच तेरा अक्षरं लागतात, पुढे सेक्टरचा शॉर्ट आणि नंबर धरून वीस, आणि शेवटचा शून्य मिळून एकवीस. पाच बाइट बाहेर, आणि बाहेर म्हणजे टेबलमधल्या पुढच्या साइटच्या नंबरवर. प्रत्यक्ष साइटवर काय होत होतं ते त्या दिवशी लक्षात आलं, काही महिन्यांपासून एका साइटचा नंबर मधूनमधून बिघडायचा आणि आम्ही दोनदा त्यांचं मोडेम बदललं होतं. मोडेम चांगलं होतं. आकडा पहिल्यापासून खरा लिहिलेला होता, सोळा, फक्त त्यावर विश्वास ठेवणारा कंपायलर नव्हता. नाव[३२] केलं, कॉपी करताना लांबी बघायला लावली, आणि त्या मुलाने ती टेस्ट कायमची यादीत टाकली.

यापुढची पायरीही आता आलीय. रिकामा कंस सांगतो की लांबी नंतर ठरेल, पण कुठे ठरेल ते सांगत नाही. क्लँग १८ आणि जीसीसी १५ मध्ये काउंटेड-बाय नावाचं अ‍ॅट्रिब्यूट आहे, त्यात लिहायचं की या अ‍ॅरेची लांबी याच स्ट्रक्चरमधल्या अमुक मेंबरमध्ये आहे, मग चालू असतानाही तपासणी होते. फक्त एक सांभाळायचं, लांबीचा मेंबर आधी भरायचा आणि मग अ‍ॅरेला हात लावायचा, आपल्या बऱ्याच जुन्या कोडमध्ये उलटं असतं, आधी माल कॉपी आणि मग लांबी. लांबी एक सांगितली आणि माल वेगळाच निघाला यातून किती नुकसान होतं ते २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाच्या चुकीने दाखवलं, ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा माल कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरने समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता खरी मानली आणि सर्व्हरच्या मेमरीतला दुसऱ्यांचा माल, एका वेळी ६४ केबीपर्यंत, बाहेर जात राहिला.

मला ऑफिसात आणि बाहेरही दोन गोष्टी ऐकवल्या जातात. एक, हे सगळं टाकून रस्ट या नवीन, मेमरीच्या चुका टाळणाऱ्या भाषेत लिहा. नवीन काही लिहायचं असेल तर जरूर लिहा, लिनक्समध्येही २०२२ च्या डिसेंबरपासून, ६.१ पासून रस्ट आहे, माझा विरोध नाही. पण जो डबा आज एखाद्या पंपहाउसच्या भिंतीवर स्क्रू मारून बसवलाय तो अजून दहा-पंधरा वर्षं तिथेच असणार आणि त्यातला कोड सीच असणार, तो कोणी सांभाळायचा? दुसरी गोष्ट, तुमच्या लेखातली, एआय करेल. जागा शोधायला, वजा एक हुडकायला ते कामाचं आहे, आम्हीही वापरलं, मी नाकारत नाही. पण तो मोकळा बाइट समोरचं मीटर चेकसममध्ये धरतं हे कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं, ते डोंबिवलीला फोन केल्यावर कळलं. जे लिहिलेलंच नाही ते मशीन कुठून वाचणार. आणि अशी फोन करण्यासारखी माणसं दरवर्षी रिटायर होतायत, त्यांची घाई आपल्याला असायला पाहिजे.

आता कॉलेजचं. माझी भाची इथेच ठाण्याजवळ इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तिचं सीचं जर्नल मी बघितलं. १९९० च्या आसपासचा टर्बो सी, निळा स्क्रीन. जर्नलमध्ये लिहिलंय इंट म्हणजे २ बाइट. त्या जुन्या सोळा बिटच्या कंपायलरवर ते खरंही आहे, पण तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर ते ४ आहे आणि तिला ते कोणी सांगितलेलं नाही. नाव वाचायला गेट्स वापरलंय, जे फंक्शन किती अक्षरं येणार ते विचारतच नाही, ज्याच्यातून १९८८ मध्ये मॉरिस वर्म युनिक्सच्या मशीनमध्ये घुसला होता आणि जे २०११ च्या स्टँडर्डमधून काढूनच टाकलंय. व्हायव्हामध्ये तिने चार सांगितले असते तर मार्क गेले असते, असं ती म्हणाली. १९९९ चा रिकामा कंस त्या कंपायलरला माहीतच नाही. मग ही मुलं आमच्याकडे येतात आणि त्यांच्या हातात आम्ही पंपाचं फर्मवेअर देतो. जीसीसी फुकट आहे, लॅबमधल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतो, वॉर्निंग सगळ्या चालू ठेवून चार प्रॅक्टिकल घ्यायला पैसे लागत नाहीत. शिकवणाऱ्यांवर सिलॅबस पुरा करायचं किती ओझं असतं ते मला माहीत आहे, माझी सख्खी बहीण शिकवते, तरीही हे बदलायला हवं आणि या टर्मपासून बदलता येईल.

आमच्या भागातल्या कंपन्यांच्या मालकांना आणि मॅनेजरना माझं हात जोडून सांगणं आहे की या कामाला वेळ द्या, वेगळा, रिलीजच्या तारखेला न बांधलेला. एएमसीच्या करारात हार्डवेअर बदलायची, बॅटरी बदलायची ओळ असते तशी कोड सांभाळायची ओळ घाला आणि क्लायंटकडून त्याचे पैसे मागा, समजावून सांगितलं तर देतात, आमच्या एका क्लायंटने दिले. आणि ज्या माणसाने हे काम केलं त्याच्या अप्रेझलमध्ये ते लिहा, कारण नवीन फीचर काहीच दिसत नाही आणि चार महिने काय केलंस असं विचारलं जातं, मग पुढच्या वेळी कोणी हात वर करत नाही. आमच्या त्या मुलाला यंदा हेच विचारलं गेलं. कोपरखैरणेचा बग त्याने धरला होता.

आणि संपादक महोदय, तुमच्याकडून एवढंच हवंय, एकदा तुमच्या एखाद्या बातमीदाराला आमच्याकडे रबाळ्याला किंवा महापे, वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही अशा छोट्या कंपनीत पाठवा, दिवसभर बसू दे. नवीन नोकऱ्यांबरोबर हे कामही मुलांना आणि त्यांच्या आई-वडिलांना दिसू दे, यात चांगलं करिअर आहे आणि माणसं मिळत नाहीत ही खरी परिस्थिती आहे. आमच्या यादीत अजून मीटरच्या प्रोटोकॉलची नऊ स्ट्रक्चर बाकी आहेत, सगळी एकवाली. येत्या शनिवारी मी आणि तो मुलगा यादी घेऊन डोंबिवलीला साहेबांकडे जातोय, ते म्हणालेत की जुनी वही सापडलीय.

कंपनीचं नाव कळू नये म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती.

आपली एक वाचक,
नौपाडा, ठाणे